दुसऱ्यांदा लिहिलेलं पान

डार्विन,
५ ऑक्टोबर २०२५

ती. मुरलीकाका यांस,

चारुताचा शि. सा. न. वि. वि.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही आधी कॅलेंडर बघितलं असणार, कारण माझं मागचं पत्र जुलैतलं. वरुणदादा म्हणाला की कानातलं मशीन हल्ली डबीतच असतं आणि व्हिडिओ कॉलवर तुम्ही नुसती मान डोलावता. अठ्ठावीस वर्षं तोफेशेजारी उभं राहून कान घालवलेत, त्याला आता इलाज नाही. पण मयूरावहिनीने विचारलं आमटी हवी का आणि तुम्ही म्हणालात 'बावीस अंश', हे जरा जास्तच झालं.

इकडे उकाडा असह्य झालाय. रोज ढग येतात, गडगडतात आणि न बरसता निघून जातात. शैलेंद्र दोन आठवडे गॅस प्लांटवर आणि दोन आठवडे घरी, नुपूर दहावीत, आणि मी हॉस्पिटलच्या फार्मसीत सगळ्यांची अक्षरं लावत बसलेली. आंबे मात्र भरपूर. शेजारच्या बीट्रिसचं झाड आमच्या अंगणात वाकलंय.

तिच्याचसाठी हे पत्र. बीट्रिस शहाऐंशी वर्षांची आहे, एकटी राहते, आणि आता तिला मोठी अक्षरंसुद्धा दिसत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात इथल्या गावकऱ्यांनी स्वतः होऊन विमानविरोधी तोफांची एक बॅटरी, म्हणजे तुकडी, उभी केली होती. पगार नाही, सक्ती नाही. गोदीतले कामगार, बँकेतले कारकून, एक न्हावी आणि बर्फाच्या कारखान्यातले चौघे. आधी फुटबॉलच्या मैदानावर लाकडी तोफेशी कवायत केली, मग दोन खऱ्या तोफा मिळाल्या त्या बंदराच्या टोकाला खड्डे खणून बसवल्या. चव्वेचाळीस साली बॅटरी मोडली. पुढे तिच्या सेक्रेटरीने चाळीस पानांचा इतिहास टाइप केला. गावातली एक समिती तो नव्याने छापतेय, एकोणीस फेब्रुवारीच्या, म्हणजे पहिल्या जपानी हल्ल्याच्या, स्मरणदिनाला. ती पानं कॉम्प्युटरवर चढवायचं काम मी घेतलंय. बीट्रिस शेजारी बसते आणि मी वाचत वाचत टाइप करते.

काल पान एकतीसवर आलो आणि तिने माझा हात धरला. तिथे एकच वाक्य आहे. जून बेचाळीसच्या हल्ल्यात फ्यूज लावणाऱ्याच्या चुकीमुळे एक गोळा नळीबाहेर पडताच फुटला आणि शेजारच्या खड्ड्यातला गनर नॉर्बर्ट जागीच ठार झाला. फ्यूज लावणारे होते क्लाइव्ह, बीट्रिसचे वडील. नॉर्बर्ट हा तिच्या आईचा धाकटा भाऊ. बीट्रिसचं म्हणणं, हे वाक्य पुन्हा छापायचं असेल तर त्याआधी ते खरं आहे का ते कोणीतरी बघावं. मला तुमच्याखेरीज कोण माहीत आहे?

लोभ असावा, आणि मशीन कानात असावं.

तुमची,
चारू

---

पॉइंट कुक,
१६ ऑक्टोबर २०२५

चि. चारुतास,

मुरलीकाकांचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळून आनंद झाला. 'बावीस अंश' ही वरुणने रचलेली कहाणी आहे, त्यावर विश्वास ठेवू नये.

इथे सर्व क्षेम. वारा इतका की मयूराने लावलेली कढीपत्त्याची कुंडी तिसऱ्यांदा आडवी झाली. मी सकाळी खाडीच्या बाजूने चार किलोमीटर चालून येतो. भेटणारे सगळे हसून काहीतरी म्हणतात. मला ऐकू येत नाही, मीही हसतो, आणि संबंध उत्तम आहेत.

तुझे हे शनिवार-रविवारचे तोफखानेवाले वाचून मौज वाटली. न्हाव्याला तोफेवर घेणाऱ्याचं कौतुक करायला हवं, निदान हात तरी स्थिर असेल. आता तुझा प्रश्न. तसल्या गोळ्याच्या टोकाला घड्याळासारखा फ्यूज असतो. सुटल्यावर किती सेकंदांनी फुटायचं तो आकडा कमांड पोस्ट कळवते आणि तोफेवरचा एक माणूस चावीने तो लावतो. आकडा फार कमी लागला तर गोळा जवळ फुटेल, हे खरं. तेव्हा पुस्तकात लिहिलं आहे ते अशक्य नाही.

माझं मत विचारशील तर ज्या गोष्टीला ऐंशी वर्षं झाली ती आहे तिथे राहू द्यावी. चौकशी करणारेही गेले आणि ज्यांची झाली तेही गेले. म्हाताऱ्या बाईला उगाच आशा लावू नकोस. तिला हवं असेल तर ते वाक्य गाळा, कोणाला कळणार आहे? फारच आग्रह असेल तर त्या दिवसाच्या नोंदवहीची झेरॉक्स पाठव, म्हणजे मला नाही म्हणायला काही आधार मिळेल.

नुपूरला आशीर्वाद. शैलेंद्ररावांना नमस्कार. लोभ आहे तो तसाच राहो.

मुरलीधर

---

डार्विन,
२ नोव्हेंबर २०२५

ती. काका यांस सा. न.

वाक्य गाळायचं मी बीट्रिसला सुचवलं. तिने शांतपणे नकार दिला. गाळलं तर ते खरं होतं म्हणून गाळलं असंच सगळे म्हणतील, आणि ज्यांच्या घरी जुनं पुस्तक आहे त्यांच्याकडे ते राहीलच. समितीचं म्हणणंही रास्त आहे: पुरावा दिलात तर बदलू, नाहीतर आहे तसं छापू. पंधरा जानेवारीपर्यंत मुदत आहे.

नोंदवही समितीच्या कपाटात निघाली. त्या आठवड्याच्या सहा पानांच्या प्रती सोबत आहेत. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही.

क्लाइव्हबद्दल थोडं सांगते. ते बर्फाच्या कारखान्यात होते आणि युद्धानंतरही तिथेच राहिले. एप्रिलमध्ये सगळे माजी सैनिक पदकं लावून रस्त्याने चालतात, तेव्हा ते घरामागे लाकडं फोडत बसायचे. लहानपणी बीट्रिसला वाटायचं की त्या दिवशी सगळ्यांचेच वडील लाकडं फोडतात. तिच्या आईने शेवटपर्यंत त्यांना जेवायला वाढलं, कपडे धुतले, आजारपण काढलं, पण नॉर्बर्ट गेल्यापासून नाव घेऊन हाक मारली नाही. 'त्याला सांग, जेवण तयार आहे' असं बीट्रिसला सांगायची. ते समोरच असायचे.

एकदाच ते या विषयावर बोलले, बीट्रिसच्या लग्नाच्या आदल्या दिवशी. म्हणाले, "आय सेट इट राइट, बी." ती काही बोलली नाही. मामा गेल्यावर रडणारी आई तिने बघितली होती, वडिलांवर तिचा विश्वास बसला नाही. आता तिला त्याचंच खातंय काका. वडील दोषी होते का हे तिला कळायला हवंच, पण त्याहून जास्त, आपण तेव्हा गप्प बसलो ती चूक होती का, हे तिला मरायच्या आत कळायला हवंय.

तेव्हा नाही म्हणण्यासाठी का होईना, पण पानं नीट बघा.

मशीन आणि लोभ, दोन्ही चालू ठेवा.

चारू

---

पॉइंट कुक,
२४ नोव्हेंबर २०२५

चि. चारुतास आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. गुडघ्याचं निमित्त सांगणार होतो, पण गुडघा ठीक आहे.

पानं बघितली. सहापैकी पाच पानं पेन्सिलीने लिहिली आहेत. अक्षर वाकडं, आकडे खोडलेले, एका कोपऱ्यात चहाचा डाग, दोन ठिकाणी शिसं तुटून कागद फाटला आहे. तोफा चालू असताना वही अशीच लिहिली जाते. जमीन हादरत असते, कोणी ओरडत असतं, लिहिणाऱ्याला टेबल नसतं. सहावं पान, ज्या दिवशी नॉर्बर्ट गेला त्या दिवसाचं, शाईने लिहिलं आहे. समास सरळ, एकही खाडाखोड नाही. ते पान त्या दिवशी लिहिलेलं नाही. नंतर कोणीतरी टेबलाशी बसून, मूळ पान बाजूला ठेवून, हवं तसं उतरवलं आहे.

एवढ्याने समिती ऐकणार नाही. तेव्हा गोळ्यांच्या साठ्याचा कागद शोध. वही लिहिणारा एक असतो आणि भांडार सांभाळणारा दुसरा. वही सुधारणारे भांडाराचा कागद सुधारायला हमखास विसरतात. प्रत्येक गोळ्याच्या पेटीवर खेपेचा नंबर असतो. त्या दिवशी तोफेवर कोणती खेप होती आणि पुढच्या आठवड्यात तिचं काय झालं, एवढंच बघ. हाताची चूक असेल तर माणूस बदलतात. गोळ्याची चूक असेल तर अख्खी खेप परत जाते.

आणि तसं निघालं, तर त्यांनी माणसावर का ढकललं असं बीट्रिस विचारेल. तिला सांग, गोळ्यात खोट आहे असं कळलं की दुसऱ्या दिवशी कोणी गोळा हातात घेत नाही. माणसात खोट आहे म्हटलं की एकच माणूस हलवावा लागतो.

अधिक काय लिहू. सर्वांना यथायोग्य.

मुरलीधर

---

डार्विन,
१३ डिसेंबर २०२५

ती. काका,

कोपरापासून नमस्कार, आणि या वेळी अगदी मनापासून!

सापडलं. समितीच्या कपाटात नाही, तर सरकारी दप्तरखान्यात, 'किरकोळ' असं लिहिलेल्या खोक्यात. दोन शनिवार गेले. नुपूर कंटाळत आली होती आणि तिलाच कागद मिळाला. हल्ल्यानंतर चौथ्या दिवशी त्या एका खेपेचे उरलेले सगळे, दोनशे बारा गोळे, लॉरीत भरून परत पाठवले आहेत. कारण लिहिलंय, फ्यूज सदोष. सही भांडारवाल्याची. त्या दिवशी क्लाइव्हच्या तोफेवर तीच खेप होती. समितीचे दोघे बघून गेले, एकाने डोक्यावरची टोपी काढली. एकतीसवं पान बदलतंय.

मी बीट्रिसला कागद वाचून दाखवला. तिने पुन्हा वाचायला लावला. मला वाटलं होतं ती रडेल. ती म्हणाली की आई हे न कळताच गेली, आणि बाबा घरामागे कुऱ्हाड घेऊन. मग मला आंबे न्यायला सांगितले. इतक्या आनंदाच्या बातमीनंतर मला कशाने भरून आलं ते कळेना.

तिचा एक प्रश्न आहे. म्हणाली, तुझ्या काकांना हे एका नजरेत कसं कळलं? समितीतल्या लोकांनी ते पान वर्षानुवर्षं बघितलंय, उलट सगळ्यात वाचायला सोपं म्हणून काचेखाली ठेवत होते. मी सांगितलं की काका हुशारच आहेत. आणि शिवाय स्वतःच तसले आहेत! तुमच्या पत्रात आजवर एक खाडाखोड मी बघितलेली नाही. वरुणदादा सांगतो, तुम्ही आधी पाठकोऱ्या कागदावर कच्चं लिहिता आणि मग निळ्या शाईने पक्कं करता, अगदी दूधवाल्याच्या चिठ्ठीसुद्धा. म्हटलं, चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. बीट्रिस हसली, बऱ्याच दिवसांनी.

नाताळात या ना इकडे. लोभ वाढला आहे, तो तसाच वाढत राहो.

चारू

---

पॉइंट कुक,
२३ डिसेंबर

चि. चारू,

हे पत्र पेन्सिलीने लिहितो आहे आणि कच्चं लिहिलेलं नाही. खोडलेलं दिसेल ते तसंच ठेवतो.

तू गमतीने लिहिलंस. गंमत नाही ती.

एकाहत्तरचा डिसेंबर. मी नाईक होतो, चोवीस वर्षांचा, कमांड पोस्टमध्ये आकडे काढायला. पश्चिमेच्या आघाडीवर एका नाल्याच्या अलीकडे आमच्या तोफा होत्या. नेम धरताना आधी एकाच तोफेने मारतात, आकडा बसला की मग सगळ्यांनी. त्या दिवशी तीन नंबरची तोफ मारत होती. पुढच्या निरीक्षकाने अंतर वाढवायला सांगितलं. मी अंतर वाढवलं. फ्यूजचा आकडाही बदलायचा असतो, तो बदलायचा मी विसरलो. जुनाच आकडा कळवला, अठरा पॉइंट दोन. पाहिजे होता बावीस पॉइंट सहा. गोळा आपल्याच पायदळाच्या खंदकावर फुटला. दोन जवान गेले. विसाव्या विशीतली पोरं.

विशीतली. नीट लिहिता येत नाही आज.

संध्याकाळी कॅप्टनसाहेबांनी मला बोलावलं. माझं पान समोर होतं, त्यावर माझ्या हातचा अठरा पॉइंट दोन. म्हणाले, पुढे महिनाभर तुझ्या आकड्यांवर सहा तोफा चालायच्या आहेत. तुझ्यावरचा विश्वास उडाला तर बॅटरी बंद पडेल. पान स्वच्छ करून आण. मला तो हुकूम होता असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. पण चारू, मला सुटल्यासारखं वाटलं होतं. मी पेट्रोमॅक्सपाशी बसलो आणि सुंदर अक्षरात पान लिहिलं. बावीस पॉइंट सहा. जुनं पान चुलीत टाकलं.

मग चूक फ्यूज लावणाऱ्याची ठरली. गनर अवधूत बर्गे, कोरेगाव तालुक्यातला, एकवीस वर्षांचा. तो म्हणत राहिला की मला जो आकडा दिला तोच मी लावला. आकडा ऐकलेला दुसरा माणूस त्याच्या तोफेचा हवालदार, तो तिसऱ्या दिवशी गेला. अवधूतला शिक्षा फार झाली नाही. तोफेवरून काढून लंगरात भाकऱ्या भाजायला ठेवला. पण मेलेल्यांपैकी एक मुलगा त्याच्या शेजारच्या गावचा होता, त्यामुळे गावात आधीच पोचलं होतं. हा आपल्याच पोरांना मारणारा. मी सुभेदार होऊन निवृत्त झालो. रेजिमेंटचं स्नेहसंमेलन दरवर्षी असतं. पत्त्यांची यादी येते, तिच्यात त्याचं नाव असतं. म्हणून मी एकदाही गेलो नाही. तुम्हाला सांगायचो, काकूला प्रवास सोसत नाही. काकूला सगळा प्रवास सोसायचा.

बीट्रिसला सांग, मला कसं कळलं ते.

मुरलीधर

---

डार्विन,
६ जानेवारी २०२६

ती. काका यांस,

नमस्कार.

पत्र आल्यावर चार दिवस मी ते फ्रीजवर ठेवलं आणि त्याच्याकडे न बघता दूध काढत राहिले. बाबा गेल्यावर आमच्या घरात कोणाचा शब्द अखेरचा असेल तर तो तुमचा होता. शाळेत खोटं बोलले म्हणून तुम्ही मला अर्धा दिवस अंगणात उभं केलं होतं, आठवतं? मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि खोडरबर चोरल्याचं नाकबूल केलं होतं. परवा ते आठवून मला तुमचा इतका राग आला की नुपूर काय झालं म्हणून विचारायला लागली.

मग बीट्रिसला सांगितलं. लपवायचं ठरवलं होतं. पण तिच्याशेजारी त्या कागदांसमोर बसून मला ते जमेना. तिने तुम्हाला वाईट म्हटलं नाही आणि चांगलंही म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "इज ही स्टिल अलाइव्ह, दॅट बॉय?" मी म्हटलं, यादीत नाव असतं म्हणजे असावेत. तेव्हा ती म्हणाली की मग तुझे काका मला कशाला सांगतात, चुकीच्या घराची बेल वाजवतायत.

काका, मला याहून वेगळं काही लिहिता येत नाही. क्लाइव्हला कागद मिळायला ऐंशी वर्षं लागली आणि तोवर घेणारं कोणी उरलं नाही. अवधूतकाका आहेत. मी त्यांना काका म्हणते आहे, तुम्हाला खटकलं तरी. त्यांना लिहा. रेजिमेंटलाही लिहा. पेन्सिलीने लिहा, शाईने लिहा, कसंही.

रागावलेली आहे. तरी गुडघ्याला शेक घेत जा.

चारुता

---

पॉइंट कुक,
१५ जानेवारी २०२६

चि. चारुतास आशीर्वाद.

तुझा राग पोचला. तो योग्य पत्त्यावर आला आहे.

आज सकाळी दोन पाकिटं टाकली. एक रेजिमेंटला, त्यात दोन्ही आकडे, तारीख आणि माझी सही आहे. वरुणने ते टाइप करून दिलं. त्याला तोवर काही माहीत नव्हतं. टाइप झाल्यावर तो बाहेर जाऊन गाडी धुवायला लागला, ती कालच धुतली होती. मयूराने मात्र माझ्यापुढे चहा आणून ठेवला आणि बसून राहिली.

दुसरं पाकीट कोरेगावचं. सात वेळा फाडलं. शेवटी एका पानात उरकलं: आकडा माझा होता, तू बरोबर लावलास, पान मी बदललं. माफी हा शब्द लिहून खोडला, कारण तो लिहिला की त्याला उत्तर द्यावं लागेल, आणि तेवढंही ओझं त्याच्यावर घालायचा मला हक्क नाही. खोडलेला दिसतो आहे, तसाच पाठवला.

उत्तर येईल असं वाटत नाही. बीट्रिसला माझा नमस्कार सांग.

मुरलीधर

---

डार्विन,
२० फेब्रुवारी २०२६

ती. काका यांस सा. न. वि. वि.

काल कार्यक्रम झाला. पाऊस होता, सगळे मंडपात दाटीवाटीने उभे. नव्या पुस्तकात पान एकतीसवर सरळ लिहिलंय की फ्यूज सदोष होता, गनर क्लाइव्ह यांनी आकडा बरोबर लावला होता, आणि आधीच्या आवृत्तीतलं विधान चुकीचं होतं. शाईचं ते पान काचेखालून काढलंय, तिथे आता भांडारवाल्याचा मळका कागद आहे. बीट्रिसला पुष्पचक्र ठेवायला बोलावलं. ती नॉर्बर्टच्या नावापाशी थांबली आणि मग सगळ्यांसमोर वडिलांना नावाने हाक मारली, मोठ्याने, घरात जेवायला बोलावतात तशी. लोकांना वाटलं म्हातारीचा तोल गेला. मला माहीत होतं ती कोणाच्या वतीने हाक मारत होती.

परत येताना गाडीत तिने विचारलं, तुझ्या काकांना त्या मुलाचं पत्र आलं का? मी नाही म्हटलं. ती म्हणाली, येईल, आणि सोपं नसेल.

आलं तर मला कळवा. लोभ होता, आहे. राग कमी झाला की वेगळं पत्र लिहीन.

चारू

---

ता. कोरेगाव, जि. सातारा,
२६ फेब्रुवारी २०२६

श्री. नाईकसाहेब यांस,

अवधूत बर्गेचा रामराम.

तुमचं पत्र पोचलं त्याला वीस दिवस झाले. नात म्हणाली मी लिहून देते. पण हे मीच लिहायचं होतं. अक्षराला हसू नका, तुमच्यासारखं वळण आपल्याला नाही.

तुम्ही सुभेदार झालेले तरी मी नाईकसाहेबच लिहितो. माझ्या डोक्यात तुम्ही तिथंच थांबलाय.

आकडा तुमचा होता हे मला ठाऊक होतं. अठरा पॉइंट दोन. चावी फिरवताना मी तो तोंडाने म्हटला होता, तशी सवय होती मला. पुढं लंगरात भाकरी थापताना म्हणायचो, इथं येऊन पाणी धरताना म्हणायचो. चोपन्न वर्षं झाली. कधीकधी वाटायचं की आपणच वेडे, कागद कसा खोटा बोलेल? रेजिमेंटचा कागद. मग मी पुन्हा म्हणायचो, अठरा पॉइंट दोन, म्हणजे विसरायला नको. जगात तो आकडा म्हणणारा मी एकटाच उरलो होतो. तुमच्या पत्रात तो दिसला तेव्हा मी उठून बाहेर गेलो.

रेजिमेंटकडून एक अधिकारी येऊन गेले. चांगले बोलले. गावच्या सभेत पत्र वाचलं. शेजारच्या गावातून त्या मेलेल्या पोराचा पुतण्या आला आणि माझ्या पायाला हात लावला.

माफीचा शब्द तुम्ही खोडलाय. बरं केलंत. मी अजून ठरवलं नाही, आणि ठरवायला आता फार वेळही नाही.

एकच सांगायचंय. बायको गावात पाण्याला जायची तेव्हा बाया बाजूला सरायच्या. तिने मला कधी दोष दिला नाही, फक्त दरवर्षी डिसेंबरात विचारायची, तुम्ही नक्की बरोबर लावला होता ना? मी हो म्हणायचो. ती बरं म्हणायची. तिचा विश्वास होता का ते मला तिच्या तोंडावरून कधी कळलं नाही. तीन वर्षांमागं ती गेली. तुमचं पत्र मी तिच्या फोटोसमोर मोठ्याने वाचलं, दोन वेळा. तुम्ही खूप सुंदर लिहिता नाईकसाहेब. तीन वर्षं आधी लिहायचं होतं.

पत्र परत पाठवत नाही. माझ्याकडे राहू दे.

आपला,
अवधूत बर्गे
गनर, तोफ नंबर तीन